ओळखीच्या वस्तू, अनोळखी घर

नाताळ आठवड्यावर आला की आमच्या कल्याणच्या धर्मग्रामात घराघरांतून वस्तू नाहीशा होऊ लागतात. न्हाणीतला दाढीचा आरसा गोठ्यात जातो आणि त्याचे तळे होते. उशीतून काढलेल्या कापसाचा बर्फ होतो. ज्या गावी डिसेंबरातही पंखा लावून निजावे लागते तेथे हा बर्फ कोणाला खटकत नाही. सामानाभोवती गुंडाळून आलेला खाकी कागद चुरगाळून, त्यावर चुना शिंपडून मुले बेथलेहेमचा डोंगर उभा करतात. दहाएक दिवस आधी डब्याच्या झाकणात पेरलेली नाचणी हिरवीगार होऊन मेंढरांपुढे येते. तीन राजांचा सण उरकला की आरसा पुन्हा खिळ्यावर जातो आणि त्यावर उरलेला डिंकाचा डाग वडीलधारी मंडळी ईस्टरपर्यंत खरवडत बसतात.

सिनेमाच्या, नाटकाच्या व दूरदर्शन मालिकांच्या धंद्यात अशा वस्तूंना ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. हा शब्द प्रथम ऐकणाऱ्याला घरजमीनच आठवते. परंतु धंद्यातल्या प्रॉपर्टीत तांब्याभांडे, छत्री, चष्मा, पलंगपोस असे काहीही येते. मुंबईच्या चोरबाजारातील जुन्या सामानाच्या दुकानांतून घड्याळे, टेलिफोन, झुंबरे चित्रीकरणासाठी भाड्याने जातात. जे भाड्याने मिळत नाही ते कोणाच्या तरी घरातून येते. या घरून आलेल्या वस्तूंविषयीच आम्हांला येथे लिहावयाचे आहे. कारण आपल्यासारख्या कुटुंबांचे जे चित्र पडद्यावर गेली पन्नास वर्षे दिसत आले आहे, ते माणसांपेक्षा वस्तूंनीच अधिक रंगविले आहे.

मुळात बेथलेहेमात गव्हाण हीदेखील गुरांची, उसनी घेतलेली वस्तू होती. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गोठा मांडला, तेव्हा त्याने खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल व खरे गाढव आणविले. जमलेले लोक शेतकरी होते. आपल्या घरची गव्हाण त्यांनी रोज पाहिलेली होती, म्हणूनच त्या रात्री ती पाहताना त्यांना काही नवे दिसले. वस्तू ओळखीची असावी आणि तरीही ती नव्याने दिसावी, ही या सगळ्या व्यवहारातील अवघड गोष्ट आहे.

मराठी माणसाच्या सिनेमाचा आरंभही घरातल्या वस्तूंतूनच झाला, आणि त्या आरंभाशी ख्रिस्तचरित्राचा निकटचा संबंध आहे. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ‘ख्रिस्ताचे जीवन’ हा मूकपट पाहिला. पडद्यावर प्रभू येशूचे प्रसंग सरकत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. १९१२ साली ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले, आणि पहिला प्रयोग केला तो कुंडीत पेरलेल्या वाटाण्यावर. कॅमेरा एका जागी ठेवून ते रोपट्याचे थोडे थोडे चित्रण करीत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर अवघ्या मिनिटभरात दिसू लागली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्याने भांडवलवाल्यांचा विश्वास बसला. आमच्या मुलांच्या झाकणातली नाचणी आणि फाळक्यांचा वाटाणा यांत फार अंतर आहे असे आम्हांला वाटत नाही. दोन्ही ठिकाणी स्वयंपाकघरातले धान्य मूठभर उचलून तमाशासाठी पेरले गेले, आणि दोन्ही ठिकाणी वाट पाहावी लागली.

पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होत असता दादरच्या फाळके-घरातील कोणती वस्तू आपल्या जागी राहिली हेच सांगणे कठीण आहे. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. कलावंतांना व कामगारांना त्या रांधून घालीत, कच्च्या फिल्मला रात्री छिद्रे पाडीत, आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभ्या राहत, कारण पात्रांच्या तोंडावर उजेड परतविण्याचे दुसरे साधन जवळ नव्हते. या चादरी पडद्यावर दिसत नाहीत. परंतु हरिश्चंद्राच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो घरच्या अंथरुणावरून आलेला होता. तारामतीचे काम करावयास बाई मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके हे तरुण त्या भूमिकेत उभे राहिले. राजपुत्राच्या भूमिकेत फाळक्यांचाच मुलगा होता. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात हा चित्रपट लोकांपुढे आला. परेश मोकाशी यांनी २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटात हा सारा खटाटोप हसतखेळत दाखविला आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी मुलाबाळांसह अवश्य पाहावा.

फाळक्यांच्या या उद्योगात एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. वस्तू घरातून निघाली ती एकटी निघाली नाही. तिच्यामागोमाग ती रोज हाताळणारे माणूसही आले. चादर कशी धरली म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही, हे जिने ती वर्षानुवर्षे वाळत घातली तिला ठाऊक होते.

हीच जाण पुढे ‘प्रभात’च्या काही चित्रपटांत दिसते. व्ही. शांताराम यांच्या १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरातील भिंतीवरचे घड्याळ आणि आरसा या दोन वस्तू एखाद्या पात्राचे काम करतात. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून म्हातारा नवरा स्वतःलाच हसताना दिसतो, तो प्रसंग एकदा पाहिलेला मनुष्य विसरत नाही. शांतारामबापूंनी त्यासाठी कोठून काही अद्भुत आणले नाही. मध्यमवर्गीय वाड्यात जे असते तेच घेतले, आणि प्रेक्षकाने घरी जाऊन आपल्या घड्याळाकडे पुन्हा पाहावे अशी व्यवस्था केली.

आता दूरच्या एका चित्रमालिकेची गोष्ट सांगतो. ती थोडी गमतीची असली तरी आमच्या तक्रारीचे मूळ तिच्यात आहे. अमेरिकेत १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका सुरू झाली. तिच्या एका भागात मीठ खाणारा प्राणी येतो आणि त्याला मीठदाणी दाखवावयाची असते. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या माणसाने भविष्यकाळ म्हणून नव्या धाटणीच्या, चमत्कारिक आकाराच्या मीठदाण्या बाजारातून आणल्या. परंतु या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकांना कळणारच नाही, अशी शंका निघाली. मग पडद्यावर मीठदाणी म्हणून साधी, घरोघरी असते तशीच वापरली गेली. आणि त्या चमत्कारिक मीठदाण्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यांना यानातील डॉक्टरची शस्त्रक्रियेची हत्यारे करून टाकले! तिकडे इंग्लंडात १९६३ पासून ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील डॅलेक नावाच्या यांत्रिक राक्षसांना हात म्हणून मोरी तुंबल्यावर वापरतो तो रबरी पंप बसविलेला असे, आणि लहान मुले त्याला पाहून सोफ्यामागे दडत.

या गोष्टी वाचून हसू येते. पण मीठदाणीच्या गोष्टीतला व्यवहार नीट पाहावा. खरी मीठदाणी मीठदाणीसारखी ‘वाटत’ नाही म्हणून बाद झाली. पडद्याला खरेपणापेक्षा ओळख हवी असते, तीही क्षणात पटणारी. मीठदाणीच्या बाबतीत यात कोणाचे काही बिघडत नाही. मात्र हाच नियम एखाद्या समाजाच्या घराला लावला म्हणजे काय होते, हे आपण हिंदी-मराठी पडद्यावर पाहत आलो आहोत.

पडद्यावरचे ख्रिस्ती घर डोळ्यांपुढे आणा. भिंतीवर क्रूस. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली लाल दिवा. कोपऱ्यात गिटार. टेबलावर बाटली. बाईच्या अंगावर फ्रॉक. एवढ्या पाच वस्तू मांडल्या की प्रॉपर्टीवाल्याचे काम संपते आणि प्रेक्षकाला घर कळते. या वस्तू खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. तसबीर आणि लाल दिवा आमच्याही घरी आहे, आणि वीज गेली की तो विझतो याची आमच्या आजीला फार रुखरुख वाटे. आमची तक्रार एवढीच की या वस्तूंशी पडद्यावर कोणाचे काही घेणेदेणे नसते. दिव्याचा बल्ब गेला तर कोण बदलतो? तसबिरीमागे कोणाच्या मृत्यूची पत्रिका, कोणाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे चित्र खोचलेले असते? ज्याने ते घर आतून पाहिले आहे त्यालाच हे सुचेल.

सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. राज कपूर यांच्या ‘बॉबी’त (१९७३) जॅक ब्रगांझा या बापाच्या हाती बाटली आहे, मोठ्याने बोलणे आहे, सारे ठरीव आहे. पण त्याच चित्रपटात नायिका दार उघडते तेव्हा तिच्या हाताला भज्यांचे पीठ लागलेले असते आणि केस मागे सारताना ते केसांना लागते. हे पीठ कोणत्या धर्माचे? राज कपूर यांनी नर्गिस यांना प्रथम पाहिले तेव्हाची ती आठवण होती, असे सर्वश्रुत आहे. चित्रपटातील तो एक क्षण आम्हांला सगळ्या ब्रगांझा-थाटापेक्षा खरा वाटतो. तेथे प्रथमच त्या घरात स्वयंपाक होतो आहे असे दिसते.

मनमोहन देसाई यांच्या ‘अमर अकबर अँथनी’चेही (१९७७) असेच. अँथनी गुत्ता चालवितो, ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून टोपी घालून बाहेर येतो. यावर रागावण्यात अर्थ नाही, इतका तो उघड उघड खेळ आहे. परंतु मार खाऊन, पिऊन घरी आलेला अँथनी आरशापुढे उभा राहतो आणि स्वतःच्या जखमेची मलमपट्टी आरशातल्या प्रतिबिंबाला करतो, तो प्रसंग एका साध्या आरशाच्या जोरावर उभा आहे. तेथे तो ख्रिस्ती म्हणून हास्यास्पद होत नाही, एक एकटा माणूस म्हणून होतो. ‘कुंकू’तल्या आरशाची आठवण आम्हांला तेथेच झाली.

श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) हा या सगळ्यांत वेगळा. १९६१ च्या गोव्यातील एका जमीनदार ख्रिस्ती कुटुंबाची ही कथा. चित्रीकरण झाले ते व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या लोटली गावातील पिढीजात घरात. मूळ कथा सुरू होते तोच घरात प्रेत आहे, आणि घरातील मंडळी त्याच खुर्च्यांत बसून शोक करताहेत ज्यांत पूर्वी मेजवान्या झाल्या. अशोक मेहता यांच्या कॅमेऱ्याने रात्रीचे प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले आहेत. त्या उजेडात जुन्या लाकडाची झिलई, आरशांवर आलेली पुटे, वेदीवरची धूळ अशी दिसते की तेथे माणसे राहत होती याची खात्री पटते. दोना मारिया ही विधवा (लीला नायडू) मृत नवऱ्याला परत बोलाविण्याचा हट्ट धरते, सुतकामुळे नातीचा वाङ्निश्चय अडतो. या सगळ्याला ते सामान साक्षी असते. खुर्चीत कसे बसावे हे त्या घरात पात्रांना खुर्चीनेच शिकविले असावे.

तरीही ‘त्रिकाल’ पाहून उठताना आमच्या मनात एक बोच राहिली. हे घरही आमचे नव्हे. आपल्यापैकी कितीजणांना नाचाची दालने आणि झुंबरे वारशाने मिळाली? ठाणे-कल्याणच्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबे म्हणजे रेल्वेत, गिरणीत, कारखान्यात खपलेली. कोणी ठाण्या-वसईकडचे, कोणी नगर-संगमनेरकडून आलेले, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे. दोन खोल्यांच्या घरात तसबिरीखाली शिवणयंत्र, शिवणयंत्राखाली तांदळाचा डबा. सईद मिर्झा यांच्या ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’मध्ये (१९८०) गिरणीकामगाराच्या ख्रिस्ती घराचे दर्शन झाले होते. त्यानंतर गुत्ता आणि वाडा यांच्या मधली ही वस्ती पडद्यावर क्वचितच आली.

आता थोडे आपल्याविषयी. पवित्र आठवड्यात आपल्या धर्मग्रामांत प्रभूच्या दुःखसहनाचे प्रवेश होतात. तेव्हा रोमी शिपायाच्या शिरस्त्राणावर केरसुणीचा तुरा असतो आणि परुश्यांच्या अंगावर दारांचे पडदे. यहुदी घरात जेवण कसे मांडतात, वल्हांडणाच्या रात्री पानावर काय काय वाढतात, हे आपण कधी विचारले आहे काय? ठाण्यात ज्यूंचे जुने प्रार्थनामंदिर आहे. मराठी बोलणारे बेने इस्रायली शेजारी कितीतरी वर्षे आपल्या रस्त्यावरून जात-येत होते. आपणही पडदा गुंडाळला आणि यहुदी तयार केला. यहुदाच्या कमरेला पैशांची थैली लटकविली की त्याला आणखी काही करावे लागत नाही. तेव्हा वरची सारी तक्रार करताना आमची मान थोडी खाली आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

याच संदर्भात, काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका घरी घडलेला प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. हे कुटुंब मूळचे ठाण्याकडचे, ईस्ट इंडियन. आता कल्याणात दोन पिढ्या झाल्या. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याकडे मालिकांची चित्रीकरणे चालतात. तिकडच्या कोणा मालिकेचा प्रॉपर्टी जमविणारा एक तरुण ओळखीने त्यांच्याकडे आला.

“मावशी, एक ख्रिश्चन घर दाखवायचंय. एका दिवसाचं काम आहे, जपून आणून देईन,” तो म्हणाला.

मावशीला आनंद झाला. तिने आतून एकेक वस्तू काढली. आईचे लग्नातले छायाचित्र, लुगडे नेसलेले, अंगभर दागिने. तांब्याची कळशी. पाटा-वरवंटा. सासूबाईंचा पितळी डबा.

तरुण संकोचला. “मावशी, हे सगळं आमच्या आजीकडेही आहे हो. ख्रिश्चन वाटलं पाहिजे ना!”

शेवटी त्याने तसबीर घेतली, एक क्रूस घेतला, आणि स्वयंपाकघराच्या फळीकडे पाहून त्याचा चेहरा उजळला. तेथे तपकिरी काचेच्या बिअरच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

“ही एक द्या. ही चालेल.”

“अरे बाबा, त्यात मसाला आहे.”

“असू दे, मावशी. बाहेरून कळणार नाही.”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ईस्ट इंडियन घरांत पावसाळ्यापूर्वी वर्षभराचा मसाला करतात. मिरच्या व मसाल्याचे जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कांडून तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे त्याला उजेड व हवा लागत नाही. त्यावरून त्याला ‘बाटली मसाला’ हेच नाव पडले. पडद्यावरच्या ख्रिस्ती घरातील बाटलीत दारू असते. आमच्या घरातील त्याच बाटलीत मावशीचा मे महिना असतो.

तो भाग दाखविला गेला त्या संध्याकाळी सारे घर टीव्हीसमोर बसले होते. आम्हीही होतो. तसबीर दिसली. तिच्याखाली पिऊन पडलेला बाप, आणि त्याच्या उशाशी बाटली. “आजी, आपला मसाला!” धाकटा नातू ओरडला आणि सगळे हसले. मावशीही हसली. मग ती उठून आत गेली. तिच्या नवऱ्याने जन्मभर रेल्वेत काम केले, दारूला स्पर्श केला नव्हता.

वस्तू आठवड्याने परत आल्या. बाटलीवर कसलेसे लेबल चिकटविलेले होते, आणि कोणीतरी बूच काढून पाहिल्यामुळे वरचा मसाला सर्द झाला होता. मावशीने दोन बोटे मसाला काढून टाकला, उरलेला त्याच रविवारी मटणात घातला. लेबल गरम पाण्याने निघाले. डिंकाचा पांढुरका पट्टा मात्र अजून आहे. त्या वर्षी नाताळात मुले गोठ्यासाठी आरसा मागावयास आली, तेव्हा तिने तो नेहमीप्रमाणे खिळ्यावरून काढून दिला. फक्त तळे कोठे करणार आहात, ते मला आधी येऊन दाखवा, एवढे म्हणाली.